आप्पा मधल्याच स्टेशनावर उतरले

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, स्पेनमध्ये हरवले होते, हे आता आमच्या गावात, वरकुट्यात, सगळ्यांना माहीत आहे. फक्त प्रत्येकाला वेगवेगळं माहीत आहे. कुणी सांगतं त्यांना पोलिसांनी धरलं होतं, कुणी सांगतं ते चुकून शेजारच्या देशात गेले. बावड्याच्या बाजारात तर एका बाईंनी मलाच विचारलं, "तुमच्या गावचा कुनी मानूस इमानातनं उतरायचाच ऱ्हायला म्हनं, व्हय?" म्हणून एकदा नीट लिहून काढते. त्या निमित्तानं माझे तिथले शेवटचे दिवसही लिहून होतील. आप्पांना विचारलं, तर म्हणाले, "लिही. पर खरं लिही."

मी बारावीपर्यंत इंदापुरात शिकले, पदवी बारामतीत केली. पदवीनंतर पुण्यात एका मैत्रिणीच्या नादानं स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं. मैत्रिणीनं दिवाळीत वर्ग सोडला, मी अडकले ते अडकलेच. पुढं शिष्यवृत्ती मिळाली आणि जानेवारीत आलिकांते नावाच्या समुद्रकाठच्या शहरात भाषा शिकायला गेले. सप्टेंबरअखेर अभ्यासक्रम संपत होता. शेवटची तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती.

राहायला होते आंपारो नावाच्या बाईकडे. दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त. एकटीच राहायची आणि एक खोली विद्यार्थिनींना द्यायची. तिच्या भाचीचा फळं परदेशी पाठवण्याचा धंदा होता. हिंदुस्थानातल्या लोकांशी बोलायला भाचीला कुणीतरी हवं होतं. "वर्षभर राहा, काम तुझंच आहे," असं तिनं उन्हाळ्यातच सांगून ठेवलं होतं. मी ते फोनवर आईला सांगितलं ही माझी चूक झाली. आईनं ते सगळ्या गल्लीला सांगितलं. माझ्या चुलत भावानं व्हिसा वाढवायचा कसा याचीही माहिती काढली.

मला मात्र परत यायचं होतं. तिथं काही त्रास होता असं नाही. लोक प्रेमळ होते, शहर देखणं होतं. पण संध्याकाळी जिना चढताना दिवसभरातलं काहीतरी कुणाला सांगावंसं वाटायचं, आणि मनात त्याचं स्पॅनिश जुळवेपर्यंत सांगायची हौसच जायची. तशात बारामतीच्या एका कॉलेजात स्पॅनिश शिकवायला माणूस हवं आहे असं कळलं. मी अर्ज केला, फोनवर मुलाखत दिली, आणि त्यांनी घेतो म्हटल्यावर येते म्हणून कळवूनही टाकलं. घरी सांगितलं नव्हतं. सगळे इतक्या आनंदात होते, की त्यांना काय सांगू आणि कोणत्या तोंडानं, हेच समजत नव्हतं.

आणि अशातच आप्पा आले.

मुर्सिया

आमच्या भागातले डाळिंब-द्राक्षवाले दरवर्षी अभ्यास दौरा काढतात. या वर्षी दौरा स्पेनला गेला. बाकीची मंडळी दौरा संपल्यावर माद्रिदहून परतणार होती. आप्पांनी आपलं तिकीट माझ्या विमानाचं काढून घेतलं होतं. म्हणजे चार दिवस माझ्याकडे राहायचं आणि मग दोघांनी मिळून घरी यायचं. काम घेतलं तरी मी एकदा घरी येऊन मगच परत जाईन, असं सगळ्यांनी धरलं होतं.

मी त्यांना घ्यायला मुर्सिया या शेजारच्या शहराच्या स्टेशनवर गेले. दौऱ्यातले भवानीनगरचे एक तात्या त्यांना सोडायला आले होते. "ही घ्या तुमची आमानत," म्हणाले, "रोज भाकरी मागत्यात. आमी दमलो." आणि हसत बसकडे गेले.

आप्पांनी पांढरी टोपी घातली होती आणि त्या उकाड्यात अंगात बिनबाह्यांचा स्वेटर होता. आईनं घाल म्हणून सांगितलं होतं म्हणे, काढ म्हणून सांगितलं नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाले, "वाळलीस." नऊ महिन्यांनी भेटल्यावर एवढंच. मग पिशवीतून चिवड्याचा पुडा काढून माझ्या हातात दिला. मी तो तिथंच बाकावर बसून अर्धा संपवला. तेवढा वेळ ते माझ्याकडे न बघता येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत उभे राहिले.

आलिकांतेला जाणारी गाडी म्हणजे तीन-चार डब्यांची, दर स्टेशनला थांबणारी. आत थंडगार, कुणी मोठ्यानं बोलत नाही. बाहेर लिंबू-संत्र्याच्या बागा, मधेच खजुराची झाडं आणि मागं एकही झाड नसलेले डोंगर. आप्पा खिडकीला नाक लावून बसले होते.

"जमीन आपल्यासारखीच हाय," म्हणाले. "पानी आनलंय म्हनून हिरवं दिसतंय. पानी बंद केलं तर आठ दिसात उघडं पडंल."

मला तेव्हाच त्यांना सगळं सांगून टाकायचं होतं. वाक्यही ठरवलं होतं: आप्पा, मी इथं राहणार नाही. पण त्यांनीच विचारलं, "त्या आंपारोबाईच्या भाचीचं हापिस दाखवशील का?" आणि माझं वाक्य तसंच राहिलं. दाखवते म्हटलं.

मधलं स्टेशन

ओरिउएला नावाचं गाव सोडल्यावर एक अगदी लहान स्टेशन लागतं. तिथं एक म्हातारी उतरायला उठली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात चाकांची बाजारपिशवी, ती गच्च भरलेली. आप्पा लगेच उठले. मी बसा म्हणेपर्यंत ते दारात पोचले होते. त्यांनी पिशवी उचलून फलाटावर ठेवली, मग स्वतः उतरून म्हातारीला हात दिला. ती उतरली. आप्पांनी पिशवीचा दांडा तिच्या हातात दिला, ती काहीतरी बोलली, आप्पांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला. आणि दार बंद झालं.

मी धावत दाराशी गेले आणि बटण दाबत राहिले. ते दाबून काही होत नाही, कारण एकदा सुटायची वेळ झाली की दार उघडतच नाही. काचेपलीकडून आप्पा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी आपल्या परीनं उपाय केला. आपल्याकडे एसटीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या की ड्रायव्हर थांबतो. आप्पांनी डब्यावर दोन थापा मारल्या. पुन्हा दोन मारल्या. गाडी हलली आणि ते मागं राहिले, हात वर केलेले.

त्यांचा फोन सीटवरच्या पिशवीत होता. तसाही तो वायफायशिवाय चालत नव्हता. पाकीट आणि पासपोर्ट त्याच पिशवीत. माझा नंबर त्यांना पाठ नव्हता, आंपारोचा पत्ता माहीत नव्हता, आणि मराठी आणि मोडकंतोडकं हिंदी सोडून एक अक्षर येत नव्हतं. डब्यातल्या एका मुलीनं मला खाली बसवलं. "पुढच्या स्टेशनला उतर आणि उलटी गाडी पकड," ती म्हणाली. "ते तिथंच थांबतील. सगळे थांबतात."

पुढचं स्टेशन म्हणजे एक फलाट, एक तिकिटाचं यंत्र आणि ऊन. स्टेशनमास्तर नाही की हमाल नाही. आपल्याकडे भिगवणला निदान चहावाला तरी असतो, त्याला विचारता येतं. उलटी गाडी यायला बराच वेळ होता. मी आंपारोला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं.

"तुझे वडील काय सूटकेस आहेत?" ती म्हणाली. "मोठा माणूस आहे. बसेल. तू जा आणि घेऊन ये."

फोन ठेवते तोच आईचा व्हिडिओ कॉल आला. मी कॅमेरा बंद करून घेतला.

"आप्पा भेटलं का?"

"भेटले."

"दे की जरा त्यांच्याकडं."

"झोपलेत, आई. गाडीत आहोत."

"आत्ता झोपलं? दुपारचं कधी झोपत न्हाईत ते." मग आईच म्हणाली, "दमलं असतील. झोपू दे."

मी फोन पिशवीत टाकला. नऊ महिन्यांत मी एकटीनं बरंच निभावलं होतं, खोली शोधली होती, आजारी पडून बरी झाले होते. पण माणूस हरवल्यावर काय करायचं असतं ते कुठल्याच धड्यात नव्हतं.

उलटी गाडी आली. मी दारातच उभी राहिले. गाडी त्या लहान स्टेशनात शिरली तेव्हा मी टोपी शोधत होते. फलाट रिकामा होता.

बार

स्टेशनसमोर एक बार होता. तिकडे प्रत्येक गावात असतो आणि तो फक्त दारूचा अड्डा नसतो. तिथंच सकाळची कॉफी, तिथंच वर्तमानपत्र, तिथंच गावच्या बातम्या. आपल्याकडच्या चहाच्या टपरीसारखंच ते. आत चार म्हातारे सोंगट्यांचा खेळ खेळत होते आणि काउंटरमागं मालक पेले पुसत होता. मी म्हटलं, मी माझ्या वडिलांना शोधते आहे.

"दिसायला कसे आहेत?" मालकानं विचारलं.

साधा प्रश्न होता. उंच, सडपातळ, सावळे, मिशी. एवढं सांगितलं. पण सगळ्यात ठळक गोष्ट म्हणजे टोपी, आणि तिच्यासाठी कोणता शब्द वापरावा ते सुचेना. शेवटी मी म्हणाले, "डोक्यावर पांढरी होडी आहे. कागदाची असते ना, तशी. पण कापडाची."

खेळ थांबला. एक म्हातारा म्हणाला, "होडीवाला. तो एन्कार्नाबरोबर होता. तिच्या भाच्याच्या गाडीत बसून गेला."

"कुठं?"

मग चौघांचा वाद सुरू झाला. एकाच्या मते दवाखान्यात, एकाच्या मते पोलिसात. तिसरा शांतपणे म्हणाला, "पुढच्या स्टेशनला नेला. मुलगी पुढं उतरेल असं एन्कार्ना म्हणाली."

म्हणजे मी गाडीनं इकडे येत होते तेव्हा आप्पा रस्त्यानं तिकडे जात होते. मी खुर्ची ओढून बसले. मालकानं न विचारता पाणी आणून ठेवलं आणि भाच्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. एन्कार्नाला लावायचा प्रश्न नव्हता, कारण ती फोन घरीच ठेवते असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. थोड्या वेळानं भाच्याचाच फोन आला. मालक ऐकत होता आणि माझ्याकडे बघून मान हलवत होता.

"सापडले," तो म्हणाला. "तू तिथं दिसली नाहीस म्हणून एन्कार्नानं त्यांना सोसायटीत नेलंय. डाळिंबाच्या. तिथं एक हिंदुस्थानी काम करतो."

सोंगट्या खेळणाऱ्यातला तिसरा म्हातारा उठला, गाडीची किल्ली काढली आणि म्हणाला, "चल, पोरी."

त्या भागात डाळिंब खूप. बांधाबांधाला बागा. आमच्याकडे फळ लालभडक असतं, त्यांचं फिकट, पिवळसर गुलाबी. एरवी मी गाडी थांबवून फोटो काढले असते. त्या दिवशी मला एकही बाग धड दिसली नाही.

सोसायटी म्हणजे एक मोठी पत्र्याची शेड. दारातच आप्पा एका पालथ्या क्रेटवर बसले होते. शेजारी खुर्चीवर ती म्हातारी, एन्कार्ना. समोर एक पगडीवाला तरुण. बाजूला गाडीची किल्ली फिरवत उभा होता तो भाचा. एवढं दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडल्याबरोबर मला भयंकर राग आला. मी आप्पांकडे न जाता सरळ भाच्याकडे गेले. माणूस फलाटावर चुकला तर त्याला फलाटावरच थांबवायचं असतं, एवढी साधी गोष्ट कळू नये? मी इकडून तिकडे धावते आहे, हा त्यांना घेऊन गावभर हिंडतो आहे. निदान बारमध्ये निरोप ठेवायचा. फोन कशासाठी असतो? असं बरंच काही मी बोलले. तो मान खाली घालून ऐकत होता. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा तो एन्कार्नाला म्हणाला, "मावशी, ही तर माझ्या बहिणीसारखी ओरडते."

एन्कार्ना उठून माझ्याजवळ आली. "त्याला ओरडू नकोस. मी सांगितलं म्हणून तो गेला. मला वाटलं, मुलगी पुढं उन्हात एकटी उभी असेल. तुझ्या वडिलांनी माझी पिशवी उतरवली. मी त्यांना फलाटावर कसं सोडू?"

मी तिची माफी मागितली, भाच्याचीही मागितली. मग आप्पांकडे गेले. त्यांनी उठून माझं मनगट धरलं. हात गार पडला होता.

पगडीवाल्याचं नाव जसबीर. जालंधरकडचा, बरीच वर्षं तिथं काम करणारा. त्यानं सांगितलं, आप्पा आल्यापासून एकच वाक्य बोलत होते, "हमारी लडकी गाडी में पुढे गयी, मैं इदरच रह्या." त्यानं त्यांना समजावलं होतं, "बापूजी, गाँव छोटा है, यहाँ कोई नहीं खोता."

दुसरी अडचण खाण्याची झाली होती. त्या दिवशी सोमवार. आप्पांचा उपवास. भाच्यानं पाव आणि डुकराच्या मांसाचं काहीतरी आणून दिलं, आप्पांनी हात जोडले. मग चीज आणलं, पुन्हा हात जोडले. माणूस खात नाही म्हणजे आजारी आहे असं ठरून डॉक्टर बोलवायची गोष्ट निघाली, तेव्हा जसबीरनं उपवास म्हणजे काय ते सांगितलं. एन्कार्नाला ते लगेच पटलं. लहानपणी त्यांच्यातही असे दिवस पाळलेले तिला आठवत होते. तिनं डाळिंब फोडून दाणे बशीत काढून दिले. ती बशी रिकामी झाली होती.

"गोड हाय," आप्पा मला म्हणाले. "बी मऊ हाय. रंग न्हाय तेवढा."

निघताना एन्कार्नानं तिकडच्या रीतीप्रमाणे आप्पांच्या दोन्ही गालांचा मुका घेतला. आप्पा खांबासारखे ताठ उभे राहिले. पुन्हा आगगाडीत बसल्यावर मला म्हणाले, "त्येवढं घरी बोलू नगंस." इथं लिहू का असं विचारलं तेव्हा थोडा विचार करून म्हणाले, "लिही. तिच्या मनात काय वाईट न्हवतं."

आलिकांते येईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

आलिकांते

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा. आंपारोनं आप्पांना बटाट्याचं जाड आम्लेट आणि पावाला टोमॅटो चोळून दिला. ते आप्पांना आवडलं. टोमॅटो पावावर घासताना बघून म्हणाले, "चटणी करायचा कटाळा दिसतोय." मी आंपारोला भाषांतर करून सांगितलं नाही, पण ती विचारत राहिली तेव्हा सांगावं लागलं, आणि ती खो खो हसली.

शाळेजवळच्या चौकात वडासारखी पारंब्या सोडलेली जुनी प्रचंड झाडं आहेत. आप्पांना तिथं बाकावर बसवलं आणि बजावलं, "कुणाचीही पिशवी उचलायची नाही." ते म्हणाले, "बरं."

परीक्षेला दोन शिक्षिका होत्या. विषय निघाला, स्वतःचं घर असावं की भाड्याचं. मी पहिल्या वाक्यालाच क्रियापद चुकले. मग सरळ आमच्याकडे घर कसं बांधतात, वरचा मजला मुलांच्या लग्नासाठी कसा अर्धवट ठेवतात, त्या गजांवर वर्षानुवर्षं कपडे कसे वाळत घालतात, हे सांगत सुटले. त्यांनी वेळ संपल्याची खूण केली तेव्हा मला आणखी बोलायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल लागला. पास, आणि चांगल्या श्रेणीत. जिन्यात मी दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले. छातीवरचं ओझं उतरलं होतं, पण एक अजून बाकी होतं.

शेवटच्या दुपारी आंपारोनं भात केला. तिकडे तो पसरट कढईत करतात आणि ढवळत नाहीत. खाली थोडा लागू देतात आणि ती खरवड सगळ्यात आवडीनं खातात. आपल्याकडे आई भात लागला की स्वतःच्या ताटात वाढून घेते. तिथं खरवडीवरून भांडणं होतात. आंपारोनं ती सगळी आप्पांना वाढली. आप्पा हातानं जेवत होते. तिनंही काटा बाजूला ठेवला आणि हातानं खाऊन बघितलं. निम्मा भात मांडीवर सांडला, तरी तिनं काटा पुन्हा घेतला नाही.

जेवणानंतर आम्ही दोघं समुद्रावर गेलो. आदल्या दिवशी मी त्यांना भाचीचं ऑफिस दाखवलं होतं. त्यांनी सगळं पाहिलं, कॉफी घेतली आणि भाचीला हात जोडले होते. आता समुद्राकाठच्या कठड्यावर बसल्यावर मी म्हटलं, "आप्पा, मला इथं राहायचं नाही."

मी घाईघाईनं पुढचं सांगितलं. बारामतीची नोकरी, मी होकार कळवलेला, घरी न सांगितलेलं. लोक काय म्हणतील, पोरगी टिकली नाही असं म्हणतील, आईला किती वाईट वाटेल, याचं माझं मोठं भाषण तयार होतं. ते मी अर्ध्यापर्यंत आणलं.

"रुजू कधी व्हायचंय?" आप्पांनी विचारलं.

"दिवाळीच्या आधी."

"रोज यष्टीनं जानार, का तितं खोली करनार?"

मी याचा विचारच केला नव्हता. तसं सांगितलं.

"मग ते बघाय लागंल," आप्पा म्हणाले. "गाडीचा टाइम काय हाय, कालेज ष्टँडपासनं किती लांब हाय." मग उठून पायजम्याची वाळू झटकली. "आईला मी सांगतो. तू मधी पडू नगंस."

एवढंच झालं. ज्यासाठी मी दोन महिने झोपेत वाक्यं जुळवत होते, ते एवढ्यात झालं. चालताना पाय हलके लागत होते. वाटेत आप्पांना आइस्क्रीम घेऊन दिलं आणि त्यांनी ते पोरासारखं, टोपीला लागू न देता खाल्लं.

निघताना आंपारो जिन्याच्या तोंडाशी आली. तिनं आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "यांना सांग, मुलगी परत नेतोय म्हणून मी रागावलेय." मी सांगितलं. आप्पा म्हणाले, "सांग त्यास्नी, आमच्याकडं या. बोरं खायाला." बोर म्हणजे काय ते सांगता सांगता खाली टॅक्सीनं हॉर्न वाजवला.

बारामती

विमानाचं काही सांगण्यासारखं नाही. पुण्याला चुलत भाऊ गाडी घेऊन आला होता. सोलापूर रस्त्यानं सरळ घरी जायचं, पण भिगवणला आप्पा म्हणाले, "बारामतीकडनं घे."

"लांब पडंल की, आप्पा," भाऊ म्हणाला.

"पडू दे."

कॉलेजसमोर आप्पांनी गाडी थांबवायला लावली. रविवार होता, फाटक बंद. ते उतरून फाटकापर्यंत गेले, आतली झाडं, इमारत बघून आले. समोरच्या हॉटेलात चहा घेतला आणि हॉटेलवाल्याला विचारलं, "हितनं ष्टँड किती लांब?" तो म्हणाला, "चालत गेलात तर धा मिन्टं." आप्पांना ते समाधानकारक वाटलं असावं, कारण त्यांनी दुसरा चहा मागवला. भावाला अजून काहीच माहीत नव्हतं. तो आम्हा दोघांकडे बघत होता. मग आप्पांनीच त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग मी व्हिसाचं कशाला शोधलं?" आणि बशीत चहा ओतून घेतला.

भवानीनगर गेलं. कारखाना अजून पेटायचा होता, चिमणी थंड. दोन्ही बाजूंना उभा ऊस. मी काच खाली केली. गरम हवा आत आली, उसाच्या पाल्याचा वास घेऊन. मला त्या वासानं एकदम झोप यायला लागली.

घरी आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांगं. मी पहिला घास घेतला आणि आप्पांनी तेवढ्यात सांगून टाकलं, "ही हितंच ऱ्हानार हाय. बारामतीला कालेजात नोकरी लागलीय."

आई परातीत पीठ मळत होती. हात थांबले. "तिकडं बरं लागलं न्हाय का तुला?"

"लागलं की."

"मग?"

"तरी यावंसं वाटलं."

आईनं पिठाचा गोळा तोडून घेतला. मग भाकरी थापायला घेतली. तव्यावर टाकली, उलटली, आणि माझ्या ताटात वाढताना हळूच म्हणाली, "मला बाई रोज सकाळी पहिलं तिकडं किती वाजलं असतील ते मोजाय लागायचं. आता ते नगं." आणि पदरानं तोंड पुसून आणखी एक भाकरी थापली. मी नको म्हटलं तरी वाढली.

मी माडीवर जाऊन झोपले ते दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तरी उठले नाही. जाग आली ती खालच्या बोलण्यानं. अंगणात चार-सहा माणसं जमली होती आणि आप्पा हरवल्याची हकीकत सांगत होते. डब्यावर मारलेल्या थापा, म्हातारीची पिशवी, सोसायटी. गालाचा मुका वगळला होता.

शेजारच्या आबांनी विचारलं, "भ्या वाटलं आसंल की, आप्पासायेब?"

"वाटलं तर," आप्पा म्हणाले. "पर माझं न्हाय. म्हनलं, पोरगी कुठंतरी रडत बसली आसंल, तिला कोन बघंल. तर ही आली. माझ्याकडं बगितलंबी न्हाय. थेट त्या बाप्याच्या म्होरं हुबी ऱ्हायली आन् त्येला त्येच्याच भाषेत असा झापला, की त्येला मान वर करता यीना. तवाच मी मनात म्हनलं, ही कुठंबी राहू दे. हिला ऱ्हा म्हनायचं न्हाय, ये म्हनायचं न्हाय."

आबांनी विचारलं, "आन् आता हितंच ऱ्हातीया म्हनं?"

"व्हय," आप्पा म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "लई बरं झालं."

मी कुशीवर वळले आणि पुन्हा झोपले.